मुलांच्या हाती निवड सोपवणारे गिजुभाई

काय शिकायचे, केव्हा शिकायचे आणि किती वेळ शिकायचे, हे शिक्षकाने ठरवावे व मुलाने निमूटपणे ऐकावे, अशी रीत विसाव्या शतकाच्या आरंभी शाळांतून रूढ होती. छडीचा धाक हा तिचा आधार होता. भावनगरमध्ये या रीतीला आव्हान दिले ते एका वकिलाने.

गिरिजाशंकर भगवानजी बधेका म्हणजेच गिजुभाई यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ रोजी सौराष्ट्रातील चितळ या गावी झाला. तरुणपणी काही काळ पूर्व आफ्रिकेत राहून ते परतले आणि मुंबईत कायद्याचे शिक्षण घेऊन वकिली करू लागले. १९१३ मध्ये मुलगा झाला, तेव्हा त्याला कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. त्याचे उत्तर शोधताना मारिया माँटेसरी यांचे विचार त्यांच्या वाचनात आले. १९१६ मध्ये ते नानाभाई भट्ट यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले.

तेथे मोठ्या विद्यार्थ्यांना शिकवताना त्यांना जाणवले, की स्वतःहून काही करण्याची वृत्ती त्यांच्यात बालपणीच मावळलेली असते. म्हणून १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केले. तेथे मूल आपले साधन स्वतः निवडी, मन भरेपर्यंत त्यात रमे आणि काम संपल्यावर ते जागेवर ठेवी. शिक्षा नव्हती, तसे बक्षिसाचे आमिषही नव्हते. मुलांवरील मायेमुळे गिजुभाई ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणून ओळखले जाऊ लागले.

मुलांना मोकळीक दिली की सारे आपोआप जमते, असा भाबडा समज मात्र त्यांनी बाळगला नाही. ‘दिवास्वप्न’ या त्यांच्या पुस्तकातील शिक्षक चौथीच्या वर्गावर प्रयोग करू पाहतो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याचा शांततेचा खेळ गोंगाटात बुडतो. धाकाची सवय झालेल्या मुलांना मोकळेपणा पेलत नाही. तो छडी उचलत नाही. गोष्टी सांगून मुलांचा विश्वास मिळवतो. पुढे हीच मुले पाठांतराविना, आपले संवाद आपणच रचत नाटक उभे करतात.

मुंबईत जन्मलेल्या तारাबाई मोडक १९२३ मध्ये त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे तारাबाईंनी हे काम बोर्डी व कोसबाड येथे नेले. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी तेथे कुरणातच शाळा भरू लागली.

२३ जून १९३९ रोजी मुंबईत गिजुभाईंचे निधन झाले. मुलाला निर्णय घेता यावा असे वाटत असेल, तर चुकण्याची भीती आधी दूर करावी लागते आणि त्यासाठी मोठ्यांनाच धीर धरावा लागतो, हे त्यांच्या कार्याने दाखवून दिले.