सळई नेमकी कुठे हवी?

हाडाची ताकद दोन घटकांत वाटलेली असते. कॅल्शियमचे क्षार दाब सोसतात, कोलॅजेनचे तंतू ताण. काँक्रीट आणि लोखंडाची अशीच जोडी गिरण्या-कारखान्यांच्या मजल्यांत रुजवली ती फ्रान्सच्या फ्रांस्वा एनबिक यांनी.

१८४२ मध्ये उत्तर फ्रान्समध्ये जन्मलेले एनबिक दगडकाम शिकून पुढे ठेकेदार झाले. सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घालण्याचे पेटंट जोझेफ मोनिए या माळ्याने १८६७ मध्येच घेतले होते, तेही झाडांच्या कुंड्यांसाठी! एनबिक यांना काळजी होती आगीची. गिरणीत तेल आणि कापसाचे तूस. ठिणगी पडली की लाकडी तुळया जळत, उघडे लोखंड तापून मऊ पडे आणि मजला यंत्रांसह खाली येई. १८७९ च्या सुमारास बेल्जियममधील एका घरात त्यांनी लोखंडी तुळया काँक्रीटमध्ये गाडल्या, त्या केवळ आगीची झळ लागू नये म्हणून.

मग विचार पुढे गेला. भाराने स्लॅब वाकला की त्याची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. दाब काँक्रीट एकटे सोसते, ताणाने मात्र तडकते. म्हणून सळई तळाशी हवी, आणि आधारावर ताण वर येतो तिथे वरच्या बाजूला. त्यांनी काही सळया आधाराजवळ वर वाकवल्या, तुळयांत लोखंडी पट्टीच्या रिंगा घातल्या आणि १८९२ मध्ये पेटंट घेतले. सळईभोवतीचे काँक्रीट अल्कधर्मी असल्याने गंजही रोखते. हे आवरण पातळ राहिले तर सळई गंजून फुगते आणि स्लॅबचे पोपडे पडतात. (थेट जमिनीवर ओतलेल्या वर्कशॉपच्या कोब्यात आकसण्याच्या भेगा बहुधा वरून उघडतात. तिथे जाळी वरच्या भागात लागते. मातीवर अंथरून तिच्यावर काँक्रीट ओतणे म्हणजे पैसे पुरणे.)

स्वतः ठेके घेणे सोडून एनबिक आराखडे देऊ लागले; काम परवानाधारक ठेकेदार करत. १८९५ मध्ये तूरक्वाँची सूतगिरणी उभी राहिली. भार खांबांवर गेल्याने भिंतींत मोठ्या खिडक्या बसल्या, कामगारांना उजेड मिळाला. १८९७ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे पिठाची गिरणी झाली.

१९०१ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात त्यांच्या पद्धतीने बांधले जाणारे हॉटेल कोसळले आणि माणसे दगावली. एवढे झाल्यावरच, १९०३ मध्ये, स्विस अभियंत्यांनी अशा बांधकामाचे तात्पुरते नियम लिहिले.

पॅरिसजवळ बूर-ला-रेन येथे एनबिक यांनी स्वतःचे घरही काँक्रीटचेच बांधले आणि त्याच्या गच्चीवर बाग केली. १९२१ मध्ये त्यांचे निधन झाले.