सुवर्णपदक आणि कॅमेरा

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून धुंडिराज गोविंद फाळके यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्यांच्या कर्तृत्वाला आरंभीची मान्यता मिळाली ती चित्रपटामुळे नव्हे, तर एका नाट्यगृहाच्या प्रतिकृतीमुळे, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडल्याबद्दल या बावीस वर्षांच्या तरुणाला सुवर्णपदक लाभले. त्या कामावर प्रसन्न होऊन एका चाहत्याने त्यांना छायाचित्रणाचा एक किमती कॅमेरा भेट दिला. पदक हे कौतुक होते. कॅमेरा हे साधन होते. या दोहोंतील अंतर फाळके यांना पुढे आयुष्यभर जाणवावे, असा योग होता.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी एका शास्त्र्यांच्या घरी जन्मलेल्या फाळक्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. चित्रकला, वास्तुकला, छायाचित्रण आणि प्रतिकृती घडविणे या साऱ्या विद्या त्यांनी आत्मसात केल्या. प्रतिकृती एरवी असलेल्या वस्तूची करतात. त्यांनी ती अद्याप नसलेल्या वास्तूची केली. जे जगात नाही ते आधी लहान आकारात सिद्ध करून लोकांपुढे ठेवावे, ही त्यांच्या प्रतिभेची रीतच होती.

१९११ साली मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहून त्यांनी नवा ध्यास घेतला, तेव्हाही हीच रीत उपयोगी पडली. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ मध्ये लंडनला गेले आणि तंत्र शिकून परतले. भांडवलदारांचा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी वाटाण्याचे बी अंकुरून वाढतानाचा एक छोटा चित्रपट तयार केला. तो पाहून पैसा मिळाला. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने, श्रम आणि धैर्य पाठीशी होतेच. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्याच वर्षी त्यांनी आपले कार्य नाशिकला आणले.

१९१८ मध्ये ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. परंतु भांडवल आले तसे मतभेदही आले. विरक्त होऊन फाळके काशीस गेले आणि तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. आदर्श नाट्यगृहाचे स्वप्न रंगविणारा कलावंत पुन्हा रंगभूमीकडेच वळला होता! पुढे ते चित्रपटाकडे परतले. पण बोलपटांचे युग अवतरले आणि ते मागे पडले. १९३७ च्या ‘गंगावतरण’नंतर त्यांच्या हाती नवे काम आले नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनीच उभारलेल्या उद्योगाला त्यांचा जवळजवळ विसर पडला होता.

१९६९ पासून त्यांच्या नावे देशाचा सर्वोच्च चित्रपट-पुरस्कार दिला जातो. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारकही उभे आहे. हे उचितच होय. मात्र सन्मान मरणोत्तरही करता येतो. साधन वेळेवरच द्यावे लागते. आज एखाद्या शाळेच्या प्रदर्शनात पुठ्ठ्याची इमारत मांडून उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला प्रशस्तिपत्राबरोबर एखादे अवजार, एखादे पुस्तक, थोडी जागा आपण देतो काय? अहमदाबादच्या त्या चाहत्याचे नाव कोणाच्या ओठी नाही. पण सुवर्णपदकापेक्षा त्याचा कॅमेराच अधिक फळाला आला.