वेगाला लगाम

गेल्या महिन्यात उंद्रीला गेलो होतो. बँकेच्या नोकरीत असताना चिखली तालुक्यातल्या या गावी मी एका लेथवाल्याला कर्ज मंजूर केले होते. दुकान आता त्याचा मुलगा चालवतो. मुलाच्या हाताला पट्टी होती. लेथच्या मोटारीचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह त्याने बसवला होता. मेन स्विच बंद करून त्याने लगेच झाकण उघडले आणि जोराचा झटका बसला. वीज तोडली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये ती काही मिनिटे दबा धरून बसते, हे त्याला ठाऊक नव्हते. बापाचे एकच पालुपद चालले होते: ते खोके काढ, आपली पट्ट्याची पुलीच बरी!

मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवले.

1869 साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेला हा मुलगा चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेला. पण काही रंगांतला फरक डोळ्यांना कळेना. रंगपेटी मिटली आणि यंत्रांची रेखाचित्रे हाती आली. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शिकवले. पुढे नोकरी सोडून भाऊ रामूअण्णांबरोबर बेळगावात सायकलींचे दुकान चालवले. मग कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष भिनेल, या समजुतीने शेतकरी नांगराला शिवेनात. पहिली विक्री व्हायला दोन वर्षे गेली. बेळगावची जागा सुटल्यावर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोडजवळ माळरान आणि भांडवल दिले. 1910 साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. 1956 साली लक्ष्मणराव गेले, तेव्हा किर्लोस्करांचे नाव पंप, इंजिने, लेथ आणि विजेच्या मोटारींवरही पोहोचले होते.

त्यांच्या उमेदीच्या काळी कारखान्यात एका इंजिनावर लांब दांडा फिरे आणि त्यावरून पट्ट्याने एकेक यंत्र चाले. वेग बदलायचा तर पट्टा लहान-मोठ्या पुलीवर सरकवायचा. आज तेच काम ड्राइव्ह विजेची वारंवारता बदलून करतो.

नांगराची ही गोष्ट मी बापलेकांना सांगितली. तिथली भीती निराधार होती, इथली नव्हती. म्हणून उपाय खोके फेकण्याचा नव्हे, शिस्तीचा. स्विच बंद केल्यावर माहितीपत्रकात दिलेली मिनिटे थांबायचे आणि मीटरने व्होल्टेज गेल्याची खात्री करायची. अर्थिंग पक्के हवे. सिंगल फेजवर चालणारा ड्राइव्ह 230 व्होल्टच देतो. म्हणून मोटारीच्या पाटीवर तशी सोय दिलेली असेल तरच जाणत्या वायरमनकडून स्टारची डेल्टा जोडणी करून घ्यायची. चकवर लिहिलेल्या वेगापुढे जायचे नाही. मोटार फार हळू चालवली की तिच्याच दांड्यावरचा पंखा मंदावतो आणि ती तापते. आणि आपल्याकडे सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गेलेली वीज परत आल्यावर चक आपोआप फिरता कामा नये.

मुलाने हे सारे खडूने भिंतीवर लिहिले. बाप चष्मा लावून वाचत राहिला. निघताना पाहिले, तर शेवटच्या ओळीखाली त्याने स्वतःच्या हाताने जाड रेघ ओढली होती.