विश्लेषण : केळीच्या झाडावरून नाव घेणारे हायकूचे गुरू बाशो कोण होते?

तीन ओळींचा हायकू आज मराठीतही आवडीने लिहिला जातो. नव्याने लिहिणारे बहुतेक जण आधी अक्षरे मोजायला बसतात. या प्रकाराला उंची देणारे जपानी कवी मात्सुओ बाशो यांनी मात्र आयुष्याचा मोठा भाग नीट पाहायला शिकण्यात घालवला. त्यासाठी त्यांनी स्थिर जगणेही सोडले.

सुरुवात कुठे झाली?

बाशो यांचा जन्म १६४४ मध्ये जपानच्या इगा प्रांतातील उएनो येथे, खालच्या दर्जाच्या सामुराई कुटुंबात झाला. तरुणपणी ते तोदो योशितादा या सरदारपुत्राच्या पदरी होते. दोघांनाही कवितेचा नाद. १६६६ मध्ये योशितादा अकाली वारले आणि बाशो यांचा आधार गेला. १६७२ मध्ये ते एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला आले. तिथे काही काळ पाणीपुरवठ्याच्या कामावर नोकरी केली. हळूहळू कवितेचे गुरू म्हणून नाव झाले, शिष्य जमले.

नाव केळीचे कसे?

जम बसलेला असतानाच १६८० मध्ये ते शहराची गजबज सोडून सुमिदा नदीपलीकडे फुकागावा येथे झोपडीत राहायला गेले. एका शिष्याने अंगणात केळ लावून दिली. जपानी भाषेत केळ म्हणजे ‘बाशो’. खान्देशात केळीची किंमत घडावरून ठरते. तिथल्या थंडीत मात्र ती फळत नसे आणि वाऱ्याने पाने फाटत. कवीला ती फाटकी पानेच भावली आणि त्यांनी तेच नाव घेतले. १६८२ च्या अखेरीस एदोतील आगीत झोपडी जळाली. पुढच्या वर्षी आई गेली. १६८४ पासून ते लांबच्या प्रवासांना निघू लागले.

सर्वांत मोठा प्रवास कोणता?

१६८९ मध्ये राहते घर सोडून ते शिष्य सोरा यांच्यासह उत्तर जपानकडे निघाले. सुमारे पाच महिने, अंदाजे २,४०० किलोमीटर. म्हणजे साधारण नाशिकहून दिल्लीला जाऊन परत येण्याइतके अंतर, तेही बहुतांश पायी. या प्रवासावरचे ‘ओकू नो होसोमिची’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले. १६९४ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, प्रवासातच ओसाका येथे त्यांचे निधन झाले.

हायकू लिहायचा कसा?

जपानीत पाच-सात-पाच असे १७ ध्वनी, ऋतू सुचवणारा एक शब्द आणि मध्ये एक छोटा थांबा. बाशो याला ‘होक्कू’ म्हणत. ‘हायकू’ हे नाव रूढ केले ते १९ व्या शतकाच्या अखेरीस मासाओका शिकी यांनी.

ऋतूचा शब्द म्हणजे काय, हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. दुतोंड्या मारुतीला पाणी लागले, एवढे म्हटले तरी अख्खा पावसाळा आणि गोदावरीचा पूर डोळ्यांपुढे येतो.

मराठीत हायकू रुजवला तो आचार्य अत्रे यांच्या कन्या, कवयित्री शिरीष पै (१९२९-२०१७) यांनी. मराठी हायकूत तीन ओळी राहिल्या, दोन ओळींना यमक आले आणि अक्षरांचे बंधन सैल झाले. क्षण नेमका टिपण्याची अट मात्र तशीच राहिली. त्यामुळे शिकणाऱ्याने आधी खिडकीबाहेर पाहावे, अक्षरे नंतर मोजावीत.