गाण्याला वर्ग मिळवून देणारा गायक

छत्रपती संभाजीनगरपासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला उभा आहे. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ सिद्ध केला तो याच राजधानीच्या आश्रयाने. भारतीय संगीतशास्त्राचा हा आधारग्रंथ पुढे शतकानुशतके पंडितांच्या अभ्यासात राहिला. परंतु ज्याला प्रत्यक्ष गाणे शिकायचे असेल, त्याला ग्रंथाचा उपयोग थोडा होता. गुरूचे घर गाठावे, त्याची सेवा करावी आणि त्याची मर्जी होईल तेव्हा जे कानावर पडेल ते कंठात साठवावे, हीच विद्येची वाट होती.

आज याच शहरातील आठवी-नववीचा विद्यार्थी गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवणीतून वेळ काढून गाण्याच्या क्लासला जातो. ठरलेले शुल्क भरतो, ठरलेल्या वेळी बसतो, वहीत स्वरलिपी उतरवून घेतो आणि सत्राच्या अखेरीस 'प्रारंभिक' किंवा 'प्रवेशिका' परीक्षेचा अर्ज भरतो. पालकांना यात काही विशेष वाटत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र सुशिक्षित घरातील मुलाने गाणे शिकायला जाणे हा घराण्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होता आणि मुलीने जाणे तर जवळजवळ अशक्य होते. या दोन काळांच्या मध्ये गायनाचार्य पं. विष्णू दिगंबर पलुस्कर यांचे आयुष्य उभे आहे.

विष्णू यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड संस्थानात झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून ते पलुस्कर झाले. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. त्यामुळे अभंग, पदे आणि साकी-दिंडीचे संस्कार घरातच झाले. इंग्रजी शाळेत जाऊन मुलगा नोकरीचाकरीला लागेल, अशीच घरच्यांची अपेक्षा असणार. पण लहानपणी एका उत्सवात शोभेची दारू उडवताना तिचा भडका चेहऱ्यावर आला आणि डोळे कायमचे अधू झाले. पुस्तक वाचणे अवघड झाले आणि शाळा सुटली. उपचारासाठी मिरजेला नेले असता, या मुलाला गाणे शिकवावे, असा सल्ला तेथे मिळाला. आवाज गोड होता आणि गाणे शिकायला तेव्हा डोळ्यांची गरज नव्हती.

मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णू गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे शिकू लागला. बाळकृष्णबुवा हे ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणणारे थोर गवई. त्यांनी ही विद्या वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून मिळवली होती आणि वासुदेवबुवांनी ती हस्सू खाँ यांच्याकडून. म्हणजे मिरजेतील या ब्राह्मण गुरुशिष्यांच्या गळ्यात जे गाणे होते, त्याचा उगम एका मुसलमान उस्तादाच्या घरात होता. विष्णूची तालीम अनेक वर्षे चालली. आवाज कसला गेला, शेकडो चिजा कंठस्थ झाल्या आणि दरबारी गवई होण्याची वाट मोकळी झाली.

ती वाट त्यांनी का सोडली, याबद्दल चरित्रकार मिरजेतील एक प्रसंग सांगतात. गावातील एका समारंभाचे निमंत्रण राजाच्या मर्जीतील या तरुणाला आले. पण ज्या गुरूंपुढे तो हात जोडून बसत असे, त्यांना आले नाही. त्या काळच्या रीतीने गवई हा शेवटी गवईच. त्याचे गाणे हवे असे, त्याची पंगत नको असे. हा अपमान गुरूंनी कदाचित सवयीने पचवला असेल. शिष्याला तो पचला नाही. १८९६ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी मिरज सोडली.

पुढील काही वर्षे भ्रमंतीची होती. बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा प्रवास करीत ते पंजाबकडे सरकत गेले. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. दरबार किंवा देऊळ यांच्याबाहेर, पैसे देऊन आलेल्या सामान्य श्रोत्यांपुढे शास्त्रीय गाणे सादर करण्याच्या आरंभीच्या प्रयोगांमध्ये या मैफलीची गणना होते. पैसा राजाच्या हातून बक्षीस म्हणून घ्यायचा की श्रोत्यांकडून मोबदला म्हणून, हा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ हिशेबाचा नव्हता. मथुरेत त्यांनी ब्रज भाषेचा अभ्यास केला. ज्या चिजा आपण गातो त्यांचे शब्द शुद्ध असावेत आणि त्यांचा अर्थ गाणाऱ्याला ठाऊक असावा, हा त्यांचा आग्रह पुढे वर्गातही कायम राहिला.

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. नाव महाविद्यालय असले तरी सुरुवातीला विद्यार्थी मिळण्याची भ्रांत होती. रिकाम्या वर्गात तंबोरा घेऊन ते स्वतःच रियाज करीत बसत, असे सांगतात. हळूहळू शहरातील प्रतिष्ठित मंडळींचे लक्ष गेले आणि मुले येऊ लागली. स्त्रियांसाठीही शिक्षणाची व्यवस्था झाली. संस्थेचा खर्च कोणा एका संस्थानिकाच्या खजिन्यातून न होता लोकांच्या वर्गण्या, विद्यार्थ्यांचे शुल्क आणि पलुस्करांच्या मैफलींचे उत्पन्न यांतून होत असे.

या संस्थेने बदलले काय, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. गुरूच्या घरी काय शिकायचे आणि किती दिवसांत, याला धरबंध नसे. एखादा राग सहा महिने चाले, एखादी चीज वर्षानुवर्षे अडवून ठेवली जाई. पलुस्करांनी अभ्यासक्रम आखला, त्याचे वर्षवार भाग पाडले, तासिकांचे वेळापत्रक लावले, परीक्षा घेतल्या आणि उत्तीर्ण झालेल्यांना प्रमाणपत्रे दिली. एका गुरूपुढे एक शिष्य बसतो तेव्हा लेखनाची गरज भासत नाही. पण वीस मुले एकदम शिकू लागली की सर्वांच्या हाती एकच पाठ द्यावा लागतो. म्हणून त्यांनी स्वरलिपी तयार केली. सप्तक, कोमल-तीव्र आणि प्रत्येक स्वर एक मात्रा, अर्धी की पाव मात्रा टिकतो, यासाठी तीत स्वतंत्र खुणा होत्या. या लिपीत बालवर्गापासूनची क्रमिक पुस्तके निघाली. ती छापण्यासाठी संस्थेचा स्वतःचा छापखाना उभा राहिला. डोळ्यांनी अधू झाल्यामुळे ज्याचे वाचन सुटले, त्या माणसाच्या नावावर संगीताची पन्नासाहून अधिक पुस्तके जमा झाली.

त्यांची दुसरी योजना 'उपदेशक' वर्गाची. निवडक मुलांनी संस्थेत राहायचे, अनेक वर्षे कसून शिकायचे, राहण्या-जेवणाचा खर्च संस्थेने सोसायचा आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांनी गावोगावी जाऊन संगीत शिकवायचे, असा हा करार होता. गुरुकुलातील सहवास आणि शाळेतील शिस्त यांची सांगड त्यात होती. पं. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही नामवंत मंडळी पलुस्करांच्याच तालमीत तयार झाली. नारायण मोरेश्वर खरे यांना त्यांनी महात्मा गांधींच्या साबरमती आश्रमात पाठवले. तेथील प्रार्थनेला सूर देणारे खरे १९३० मध्ये दांडीयात्रेतही चालले.

१९०८ मध्ये पलुस्कर मुंबईला आले आणि येथेही गांधर्व महाविद्यालय सुरू झाले. संस्था वाढली, विद्यार्थी वाढले, तशी मोठ्या वास्तूची स्वप्नेही वाढली. कर्ज काढून इमारत उभी राहिली. दौरे काढायचे, मैफली करायच्या आणि मिळेल ते संस्थेत ओतायचे, हा क्रम चालू राहिला. परंतु एका माणसाच्या गळ्यावर एवढा डोलारा तरणे कठीण होते. कर्जाचे हप्ते थकले आणि १९२० च्या दशकात धनकोंनी संस्थेची मालमत्ता लिलावात काढली. राजाश्रय नाकारून लोकाश्रयावर उभ्या केलेल्या संस्थेचा असा शेवट त्यांना पाहावा लागला.

घरातील दुःखेही थोडी नव्हती. त्यांची अनेक अपत्ये बालपणीच गेली. उत्तरायुष्यात त्यांचा ओढा रामभक्तीकडे वळला. नाशिकला त्यांनी 'रामनाम आधार आश्रम' स्थापला आणि मैफलीपेक्षा रामायणाचे निरूपण व भजन यांतच ते अधिक रमले. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांत मात्र त्यांचे 'वंदे मातरम्' ठरलेले असे. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी गायनास हरकत घेतली, तेव्हा हे व्यासपीठ सर्व राष्ट्राचे आहे, अशी भूमिका घेत त्यांनी गीत पूर्ण केले.

त्यांच्या कार्यावरील आक्षेपही नोंदवले पाहिजेत. शृंगारिक शब्दांच्या जुन्या चिजा मुलामुलींना शिकवता येत नाहीत म्हणून त्यांनी सूर, तुलसी, मीरा यांच्या भक्तिपर पदांना प्राधान्य दिले. त्यामुळे सभ्य घरांची दारे उघडली. पण जुन्या बंदिशींचा काही रंग वर्गाबाहेर राहिला. संस्थेच्या दिनचर्येवर हिंदू भक्तीची दाट छाया होती आणि ज्या मुसलमान उस्तादांच्या घरांतून ही विद्या आली, त्यांच्या वारसांना या नव्या शाळेत तेवढीच जागा मिळाली का, हा प्रश्न अलीकडच्या अभ्यासकांनी विचारला आहे. समकालीन पं. विष्णू नारायण भातखंडे यांचा मार्गही वेगळा होता. त्यांनी घराणेदार गायकांकडून चिजा गोळा केल्या, रागांचे दहा थाटांत वर्गीकरण केले आणि लिहायला अधिक सोपी स्वरलिपी दिली. आज विद्यार्थ्यांच्या वह्यांत तीच अधिक आढळते. गांधर्व परीक्षांची तयारी करणारा विद्यार्थी या दोन्ही विष्णूंचा ऋणी असतो.

वर्गात गवई तयार होत नाहीत, हा सर्वांत जुना आक्षेप. पलुस्करांना तो ठाऊक होता. प्रत्येक विद्यार्थी तानसेन होणार नाही, याची त्यांना कल्पना होती. परंतु त्यातून जाणते श्रोते तयार झाले, तरी शाळेचे काम झाले, अशी त्यांची धारणा होती. ज्या समाजाला गाण्यातले काही कळत नाही, तो गाणाऱ्याचा मान काय ठेवणार? मिरजेतील त्या न आलेल्या निमंत्रणाला त्यांनी दिलेले हे उत्तर होते.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेतच त्यांचे निधन झाले. मुलांपैकी मागे राहिलेला दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. वडिलांच्या शिष्यांनी, नारायणराव व्यास आणि विनायकराव पटवर्धन यांनी, त्याला शिकवले आणि पं. डी. व्ही. पलुस्कर या नावाने तो अवघ्या देशाला परिचित झाला. पण १९५५ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तोही गेला.

गुरूंच्या निधनानंतर त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळाची उभारणी केली. १९३२ मध्ये विनायकरावांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. 'प्रारंभिक'पासून 'विशारद' आणि 'अलंकार'पर्यंतच्या परीक्षांची जी शिडी आज अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळामार्फत गावोगावच्या केंद्रांवर चालते, ती या प्रयत्नांतून उभी राहिली. इमारत लिलावात गेली, पण वर्ग टिकला, कारण तो आता शिष्यांच्या आणि त्यांच्या शिष्यांच्या घरोघरी भरत होता.

महाराष्ट्रात शासकीय रेखाकला परीक्षांप्रमाणेच शास्त्रीय गायन, वादन व नृत्याच्या मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांना दहावीला वाढीव गुण देण्याची तरतूद झाली. त्यामुळे कलेच्या वर्गांकडे पालकांचा ओढा वाढला, हे चांगलेच झाले. मात्र एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे प्रमाणपत्र हाती पडताच रंगपेटी आणि दहावीची गुणपत्रिका येताच हार्मोनियम माळ्यावर जाण्याचा अनुभवही घरोघरचा आहे. पलुस्करांनी परीक्षा आणि प्रमाणपत्र ही साधने म्हणून आणली. गाण्याला समाजात जागा मिळावी, यासाठी त्यांनी दरबाराची नोकरी सोडली, कर्ज अंगावर घेतले आणि अखेर वास्तूही गमावली. दहावीनंतर तंबोऱ्याला हात न लावणारा एखादा मुलगा पुढे कधीतरी सहज एखाद्या मैफलीला जाऊन बसला आणि यमन सुरू होताच त्याने तो ओळखला, तरी त्या लाहोरच्या रिकाम्या वर्गात एकट्याने केलेला रियाज वाया गेला नाही, असे म्हणता येईल.