मेंदूच्या रक्तवाहिन्या प्रथम पाहणारे एगास मोनिझ

पणजीच्या जुन्या सचिवालयाशेजारी कांदोळीच्या आबे फारियांचा पुतळा आहे. संमोहनाचे मूळ कोणत्याही चुंबकी प्रवाहात नसून माणसाच्या मनात असते, हे त्यांनी पॅरिसमध्ये मांडले. संमोहनाच्या इतिहासातील त्यांच्या कार्यावर १९२५ साली पोर्तुगीज भाषेत ग्रंथ निघाला. तो लिहिणारे लिस्बनचे मज्जाविकारतज्ज्ञ एगास मोनिझ पुढे दोनच वर्षांत जगप्रसिद्ध झाले.

मोनिझ यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८७४ रोजी पोर्तुगालमधील आव्हांका येथे झाला. कोइंब्रात वैद्यकाचे शिक्षण घेऊन १९११ मध्ये ते लिस्बनला प्राध्यापक झाले. राजकारणात ते संसदेपासून थेट परराष्ट्रमंत्रिपदापर्यंत पोहोचले; पण ते सोडून पन्नाशीनंतर त्यांनी आयुष्यातले मोठे काम हाती घेतले.

त्या काळी क्ष-किरणांत कवटी दिसे, मेंदू दिसत नसे. गाठ शोधण्यासाठी मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरण्याचा अघोरी उपाय करावा लागे. क्ष-किरण अडविणारे द्रव्य मानेतील धमनीत सोडले तर वाहिन्यांचे जाळे चित्रात उमटेल आणि बाजूला सरकलेली वाहिनी गाठीची जागा सांगेल, असे मोनिझ यांचे गणित होते. गाऊटने त्यांची बोटे वाकडी झाली होती. त्यामुळे हातांचे काम सहकारी आल्मेदा लिमा करीत. मृतदेहांवर प्रयोग झाल्यावर रुग्णांची पाळी आली. ब्रोमाइड वापरताना एक रुग्ण दगावला. हा मृत्यू या शोधाच्या कथेतून वगळता येत नाही. मोनिझ यांनी ब्रोमाइड सोडून आयोडाइड निवडले आणि २८ जून १९२७ रोजी पीयूषिका ग्रंथीची गाठ असलेल्या एका तरुणाच्या मेंदूतील धमन्या चित्रात स्पष्ट उमटल्या. पुढे वाहिनीचा फुगा आणि धमनी-शिरांचा जन्मजात गुंताही जिवंत माणसात पाहता येऊ लागला.

नोबेल मात्र त्यांना याबद्दल मिळाले नाही. १९४९ चा पुरस्कार मिळाला तो मनोविकारांवर मेंदूचे तंतू छेदण्याच्या शस्त्रक्रियेसाठी. ती १९३५ मध्ये त्यांनी सुरू केली होती. पुढे तिने कित्येकांचे व्यक्तिमत्त्वच हिरावून घेतले आणि ती बदनाम झाली. १३ डिसेंबर १९५५ रोजी लिस्बनमध्ये त्यांचे निधन झाले. पुरस्कार चुकीच्या कामाला गेला, असेच आज म्हणावे लागते.

आज आमोण्याचा रुग्ण फेफरे किंवा असह्य डोकेदुखी घेऊन बांबोळीला गोमेकॉत गेला, तर धमनीत सुई न टोचताही त्याच्या मेंदूतील वाहिन्या एमआरआयवर पाहता येतात. ज्या चुंबकत्वाला फारियांनी संमोहनातून हद्दपार केले, ते येथे खरोखरच कामी येते. वाहते रक्त स्थिर पेशींहून निराळा संकेत देते. त्यावरून यंत्र वाहिन्यांचा नकाशा तयार करते. मोनिझ यांच्या पद्धतीत सहसा न दिसणारे, मंद रक्तप्रवाहाचे विकृत झुबकेही त्यात सापडतात. जुन्या रक्तस्रावातून मागे राहिलेले लोह त्यांची खूण पटविते. पण गुंत्यात कोणती धमनी रक्त आणते आणि कोणती शीर ते वाहून नेते, हे शस्त्रक्रियेपूर्वी क्षणाक्षणाने पाहायचे झाले, तर अजूनही धमनीत नळी घालून द्रव्य सोडावे लागते. त्या द्रव्यात आजही आयोडीनच असते.