प्रश्न केवळ निमित्त : ग्राउचो मार्क्सची नभोवाणीवरील दुसरी खेळी

१९४७ साली ग्राउचो मार्क्सचे नाव न ऐकलेला अमेरिकन माणूस विरळाच होता. तरीही त्याच्या हाती धड काम नव्हते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्याने सत्तावन्न वर्षे पूर्ण केली. मार्क्स बंधूंचे गाजलेले चित्रपट मागे पडले होते. नभोवाणीवर त्याने पूर्वी काही कार्यक्रम करून पाहिले होते, पण एकही फार काळ तगला नव्हता. रंगाने रेखलेली जाड मिशी, हातात चिरूट आणि कमरेत वाकून लांब ढांगा टाकणारी चाल या भांडवलावर जो मोठा झाला, त्याचा निव्वळ आवाजाच्या माध्यमात निभाव लागू नये, यात कोणाला फारसे नवल वाटले नसावे.

ज्युलियस हेन्री मार्क्स हे त्याचे मूळ नाव. जन्म २ ऑक्टोबर १८९०, न्यूयॉर्क. आई जर्मनीहून आलेली, वडील अल्सासचे. वडील व्यवसायाने शिंपी. पण त्यांनी शिवलेला कपडा अंगाला नीट बसला तर तो योगायोग, अशी त्यांची ख्याती. ज्युलियसला डॉक्टर व्हायचे होते. परिस्थितीने शाळा लवकर सुटली आणि १९०५ साली तो रंगमंचावर आला. पुढची कित्येक वर्षे गावोगावच्या नाट्यगृहांत भावांसह घालवताना एक विद्या त्याला पक्की साधली. ती म्हणजे ठरलेला संवाद सोडून समोरच्या माणसाच्या बोलण्यातून विनोद काढणे.

हीच विद्या जॉन गेडेल या निर्मात्याच्या नजरेस पडली. १९४७ मधल्या एका विशेष नभोवाणी कार्यक्रमात ग्राउचो आणि बॉब होप यांनी संहिता बाजूला सारून आयत्या वेळी सुचेल ते बोलायला सुरुवात केली. गेडेलने त्याला प्रश्नमंजूषा चालवण्याचा प्रस्ताव दिला. ब्रॉडवे गाजवलेल्या नटाला तो प्रथम कमीपणाचा वाटला. अखेर तो राजी झाला आणि २७ ऑक्टोबर १९४७ रोजी एबीसीवर ‘यू बेट युअर लाइफ’ सुरू झाले.

खेळ साधा होता. बहुधा एकमेकांना अनोळखी असलेल्या स्त्रीपुरुषांची जोडी समोर येई. सुरुवातीच्या काळात जोडीला २० डॉलर मिळत. प्रत्येक प्रश्नावर त्यांतले हवे तितके पणाला लावायचे. बोलण्याच्या ओघात ठरलेला गुप्त शब्द उच्चारला गेला, तर जोडीला १०० डॉलर वर. सगळेच हरलेल्यांना रिकाम्या हाती पाठवायचे नाही म्हणून शेवटी एखादा हास्यास्पद सोपा प्रश्न येई. ग्रँटच्या समाधीत कोण पुरले आहे, हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. (काटेकोरपणे पाहिले तर तिथे कोणीच पुरलेले नाही, ग्रँट दांपत्याच्या शवपेट्या जमिनीवर आहेत. ग्राउचो मात्र ग्रँट हे उत्तर बिनतक्रार मान्य करी.)

श्रोते उत्तरांसाठी थांबत नव्हते. प्रश्नांआधीच्या गप्पांत कोणी आपला धंदा सांगे, कोणी लग्नाची हकीकत. परक्या उच्चारांचे इंग्रजी बोलणारे स्थलांतरितही येत. ग्राउचो त्यांना चिमटे काढी, पण अनेकदा सरशी समोरच्याचीच होई. त्याच्या तिरकस प्रश्नाला एखाद्याने अगदी सरळ उत्तर दिले की सभागृह हास्याने दणाणून जाई आणि ग्राउचो क्षणभर निरुत्तर होई. एरवी वृत्तपत्रात ज्याचे नाव कधी छापून आले नसते असा माणूस काही मिनिटे देशभर ऐकला जाई. हे आकर्षण बक्षिसापेक्षा मोठे होते. १९४९ मध्ये कार्यक्रमाला पीबॉडी पुरस्कार मिळाला. १९५० पासून एनबीसीने तो नभोवाणीबरोबर दूरचित्रवाणीवरही आणला. तिथे जुना कोट आणि रंगवलेली मिशी वापरायला ग्राउचोने नकार दिला. मिशी होती, पण आता खरी.

हा उत्स्फूर्तपणा मात्र निर्भेळ नव्हता. स्पर्धकांच्या मुलाखती आधीच घेतल्या जात, विनोद लिहून ठेवले जात आणि लेखकांची नावे श्रेयनामावलीत वेगळ्याच पदांखाली झाकली जात. तासभराचे ध्वनिमुद्रण छाटून अर्ध्या तासावर आणले जाई. तरीही पुढे दूरचित्रवाणीवरील मोठ्या रकमांच्या प्रश्नमंजूषांत उत्तरे आधी पुरवल्याचे उघड झाले आणि देश हादरला, तेव्हा ग्राउचोच्या कार्यक्रमाला धक्का बसला नाही. लबाडी करावी इतकी रक्कमच तिथे नव्हती.

डाग लागला तो दुसऱ्याच कारणाने. १९५३ मध्ये कार्यक्रमाचा संगीत संचालक जेरी फील्डिंग याला कम्युनिस्टविरोधी चौकशी समितीने बोलावले. त्याने घटनेच्या पाचव्या दुरुस्तीचा आधार घेऊन उत्तरे नाकारली आणि प्रायोजकांच्या दबावाखाली त्याला काढण्यात आले. ग्राउचोने विरोध केला नाही. १९२९ च्या शेअर बाजाराच्या घसरणीत त्याची सारी पुंजी बुडाली होती आणि पैशाची धास्ती त्याला आयुष्यभर सोडून गेली नाही. कदाचित त्या भीतीनेच त्याचे तोंड बंद केले असेल. भल्याभल्यांची फिरकी घेणारा हा माणूस नेमका तिथे गप्प राहिला. या शरणागतीची खंत त्याने १९७६ च्या आपल्या पुस्तकात नोंदवली.

दूरचित्रवाणीवर हा खेळ १९६१ पर्यंत चालला. सत्तरच्या दशकात त्याच्या फिती नष्ट होण्याच्या बेतात होत्या. त्या वाचल्या, रात्री उशिरा पुन्हा दाखवल्या गेल्या आणि जन्मही न झालेल्या काळातल्या त्या गप्पा तरुण प्रेक्षक आवडीने पाहू लागले. १९ ऑगस्ट १९७७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ग्राउचोचे निधन झाले. तीनच दिवसांपूर्वी एल्विस प्रेस्ली गेला होता आणि वृत्तपत्रांची पाने अजून त्याच्याच बातम्यांनी भरलेली होती.